तीस मोजणारी

बहिऱ्यांच्या क्रीडा संघटनेच्या अंकासाठी वहिनीवर चार पानं लिहून दे, असं आमच्या हँडबॉलच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, दुसरं कोणी मिळालं नाही का? ते म्हणाले, तुझ्याइतकं तिला कोण ओळखतं? सर हसत नव्हते. म्हणून लिहिते आहे. पण आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळत होते, आणि तेही थोडंथोडकं नाही. दोन वर्षं माझ्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्यावर कुठल्याही दुकानात गोळी मिळत नाही. वहिनीला वाचायला जड जातं, त्यामुळे हे तिला आई हातांनी सांगेल. त्या हातांबद्दलही लिहायचंच आहे.

वहिनी रंगारी आहे. लोकांच्या घरांच्या भिंती रंगवते. ती जन्मापासून बहिरी. चौथीनंतर शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी वडिलांनी हातात पॉलिश पेपर देऊन भिंतीसमोर उभं केलं. वडीलही रंगारीच. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, त्यामुळे ते खाली उभे राहून पुट्टी कालवतात आणि वर चढते ती. दोन घोड्यांवर, म्हणजे उंच लाकडी तिवयांवर, एक फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मान मागे टाकायची आणि छताला रंगाचा हात द्यायचा. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. फळी एक वीत रुंद. मी एकदा खालून बघितलं तर मलाच गरगरलं. ती मात्र छत बघत बघत फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी चालत गेली की जणू स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चालली आहे.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. ते रंगवायला ही बापलेक आली आणि चार दिवसांचं काम नऊ दिवस चाललं. दादाला हातांची भाषा येते, कारण तो लहानपणापासून माझ्याशी बोलत आला. म्हणजे शिकला माझ्यामुळे आणि वापरली कुणावर, तर तिच्यावर. वयाने ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण दादाची बायको म्हणून वहिनी. मी स्वतः लग्न केलेलं नाही. हा विषय इथे नको.

आमच्या घरी स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगलेली असते, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. मी चार वर्षांची असताना मोठा ताप आला, तो गेला आणि जाताना कान घेऊन गेला. शाळेत सगळे म्हणाले, ही आता काय शिकणार? आईने ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसायची आणि माझा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायची. सहा वर्षं तिने हे केलं. मला आज लिहिता येतं ते तिच्यामुळे, हे मी मान्य करते. पण त्यानंतर आमचं सगळं बोलणं त्या वहीवर. 'आज उशीर होईल का?' 'दूध आण.' 'ताप आहे का?' सत्तावीस वर्षांत आईला हातांच्या दहा खुणा आल्या असतील, त्यातल्या तीन जेवणाच्या.

वहिनी घरात आली आणि तिसऱ्या आठवड्यात मी कारखान्यातून घरी आले, तर आई गॅससमोर उभी राहून तिला हातांनी सांगत होती, 'आच कमी कर. आधी हे धू. ते नंतर.' मधेच एक खूण अडली तर वहिनीने तिची बोटं धरून नीट वाकवली, आणि दोघी हसल्या. मी दारातच उभी राहिले, पायांतली चप्पलही काढली नाही. आईचे हात इतके वर उठलेले मी कधी पाहिलेच नव्हते.

मी शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावते. त्या आठवड्यात माझ्या बारा कॉलर उलट्या लागल्या.

घर तिने घेतलं तर घेतलं, माझ्याकडे मैदान होतं. मी बहिऱ्या मुलींच्या हँडबॉल संघाची गोलकीपर, तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आमच्यात प्रत्येकाला एक खूण असते, तेच नाव. माझी खूण म्हणजे पाच बोटांनी हवेतून काहीतरी झपकन हिसकावणं. झडप. ते नाव मी कमावलेलं आहे. समोरच्या मुलीचा खांदा फिरला की चेंडू कुठे जाणार हे मला तिच्याआधी कळतं. माझी कमतरता एकच होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. पहिला चेंडू मी अडवायचे, पण अडवून पडायचे, आणि तो परत आला की दुसऱ्या वेळी मी जमिनीवर असायचे. मान झटकन वळवली की मला गोलाचे खांब हलताना दिसतात. सगळ्यांना तसेच दिसत असणार, असं मी समजून चालले होते. मी कधी सायकल शिकले नाही, अंधाऱ्या जिन्यात भिंतीला हात लावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आई वहीवर लिहायची, 'किती गं धांदरट तू.' मीही तेच मानलं.

वहिनीला मैदानावर मीच नेलं. आईने वहीवर लिहिलं होतं, 'तिला घेऊन जा, शनिवारी घरात कंटाळते.' मला वाटलं, पाण्याच्या बाटल्या सांभाळेल. ती आली ती गालावर पांढऱ्या रंगाचा पट्टा घेऊन. मुलींनी लगेच गालावर दोन बोटं ओढून तिचं नाव पाडलं, रंग. मला नाव मिळायला दोन वर्षं लागली होती. मग सरांनी गंमत म्हणून तिला गोलात उभं केलं. चेंडू कुठून येणार हे तिला अजिबात कळत नव्हतं. पण पडली तरी ती पडलेली राहायची नाही. एका पायावर उतरायची, तिथल्या तिथे वळायची आणि दुसऱ्या चेंडूला उभी. सर माझ्याकडे बघत नव्हते. तेवढ्यावरूनच मला कळलं.

पुढची दीड वर्षं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं काही कौतुक नाही. ती शिकत गेली. मी तिला चेंडू वाचायला शिकवायचं होतं, आणि मी अर्धंच शिकवलं. सरांनी विचारलं तर सांगायचे, तिला जमत नाही. तरी तिला जमायचं. मोठी स्पर्धा दोन महिन्यांवर आली. संघात गोलकीपर एकच घ्यायची, दुसरी जागा बदली खेळाडूला द्यायची, असं ठरलं. म्हणजे ती किंवा मी.

त्याच सुमारास एक फिजिओ आली. ती आमच्यासारख्या खेळाडूंच्या तोलावर अभ्यास करत होती. ऐकू येणारी होती, पण मनाने बरी. तिने फळ्यावर लिहून दाखवलं की काय काय आणि किती सेकंद करायचं. आधी दोन पायांवर उभं राहायचं, मग एका पायावर, मग जाड स्पंजच्या गादीवर एका पायावर, आणि शेवटी तेच सगळं डोळे मिटून. प्रत्येकीच्या मागे एक जण उभी राहील, पडलीच तर धरायला. वेळ संपली की फिजिओ स्वतः खांद्यावर टपली मारून सांगेल. डोळे मिटलेल्या बहिऱ्या माणसाला थांब सांगायचा तेवढा एकच मार्ग.

डोळे उघडे असताना मी उत्तम उभी राहिले. डोळे मिटले आणि जमीनच गेली. पायाखालची जमीन सरकणं हे मी पुस्तकात वाचलं होतं, ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं. एक, दोन, आणि मी मागच्या मुलीच्या अंगावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाकीच्यांपैकी कुणी आठ सेकंद, कुणी बारा. एक जण हसता हसता पडली. सगळ्या पडत होत्या म्हणून मला जरा बरं वाटलं.

मग वहिनी गादीवर चढली. एक पाय उचलला, डोळे मिटले. आणि उभी. नुसती उभी. घोटा इकडे तिकडे बारीक हलत होता, वर सगळं शांत. मुली एकमेकींना कोपर मारायला लागल्या. मी मात्र तिच्याकडे बघत नव्हते, मी फिजिओकडे बघत होते. फिजिओने घड्याळ बघितलं आणि सवयीने, टपली मारायचं विसरून, तोंडाने म्हटलं, 'थांब.' ओठ मला स्पष्ट दिसले. आणि त्याच क्षणी वहिनीने डोळे उघडले.

तिला कुणी हात लावला नव्हता.

मी घरी येईपर्यंत माझं पक्कं झालं होतं. हिला ऐकू येतं. पूर्ण नाही तर थोडं, पण आमच्यात बसायला नको इतकं तरी नक्की. आमच्या स्पर्धांमध्ये कान किती गेलेला हवा याचा आकडा ठरलेला असतो, त्यापेक्षा जास्त ऐकू येत असेल तर खेळता येत नाही. कानाची मशीनसुद्धा मैदानात उतरण्याआधी काढून ठेवावी लागते. आणि बहिरी असती तर पडली नसती का? आम्ही सगळ्या पडलो की. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी वहिनीशी गोड बोलले. मनात म्हटलं, चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी संघटनेला पत्र लिहिलं. सही केली नाही. त्यात लिहिलं की अमुक खेळाडूला ऐकू येतं, फिजिओ थांब म्हणाली तेव्हा तिने डोळे उघडले, साक्षीदार अनेक आहेत, कृपया चौकशी व्हावी. 'कृपया' लिहिताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटली, पण पत्र टाकलं.

संघटनेने नियमाप्रमाणे केलं. कानाची पूर्ण तपासणी नव्याने करा, आणि अहवाल येईपर्यंत खेळाडूला संघात धरता येणार नाही. सहीशिक्क्याचा अहवाल यायला पंधरा दिवस. संघाची यादी बंद होणार त्याआधीच, शुक्रवारी. मी मनातल्या मनात दिवस मोजले आणि मला शांत झोप लागली.

तपासणी बुधवारी होती आणि दादाला दुकान सोडता येईना. आईने वहीवर लिहिलं, 'तू जा तिच्याबरोबर. तुला तिथलं सगळं माहीत आहे.' कोणाला सांगते आहे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गेले.

तपासणीची खोली काचेची असते, आत एक खुर्ची. वहिनीच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर उभी राहून तिचा अंगठा बघत होते. दाब, मी म्हणत होते, एकदा तरी दाब. ती सरळ बसली होती, पुढे झुकून, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखी. तंत्रज्ञ बाई चाक फिरवत गेल्या. काटा शेवटाला टेकला. अंगठा हलला नाही. दुसरा कान, तेच. तिच्या कपाळावर घाम आला होता. इतकं मन लावून तिने वाट पाहिली आणि तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही. तिचा कागद माझ्या कागदापेक्षा वाईट निघाला. मला निदान ढोल कळतो.

निघताना तपासणीच्या खोलीपुढच्या बोळात दिवा मंद होता आणि मी सवयीने भिंत धरून चालले. तंत्रज्ञ बाईंनी ते बघितलं. कागद घेऊन लिहिलं, 'तुमचे कान कशाने गेले?' मी लिहिलं, ताप. त्यांनी मग बराच वेळ लिहिलं. कानाच्या आत दोन कामं चालतात, एक ऐकायचं आणि एक तोल सांभाळायचं. मेंदूचा ताप आला की पुष्कळदा दोन्ही जातात. जन्मतः बहिऱ्या माणसांत मात्र तोलाचा भाग बऱ्याचदा शाबूत राहतो. 'तुम्ही डोळ्यांनी उभ्या राहता,' त्यांनी लिहिलं. 'इतकी वर्षं गोलात उभ्या राहिलात हीच कमाल आहे.'

कौतुक होतं, पण मला ते कानाखाली मारल्यासारखं लागलं. तापाने माझ्या दोन वस्तू नेल्या आणि मला एकीचीच खबर दिली. आणि हिची फक्त एक गेली. त्यातही ती माझ्यापेक्षा श्रीमंत.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, "त्या दिवशी गादीवर तू डोळे कसे उघडलेस? तुला कुणी टपली मारली नव्हती."

तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "फळ्यावर तीस लिहिलं होतं ना? मी तीस मोजले."

मी पुन्हा विचारलं, तीस?

"भिंत घासताना मोजते तसे," ती म्हणाली. "एका जागी तीस हात. तू नाही मोजत?"

मी तीनच्या पुढे कधी गेलेच नव्हते. माझ्या डोक्यात आलंच नाही की कुणी डोळे मिटून तीसपर्यंत जाऊ शकतं आणि जाता जाता मोजूही शकतं. माझा सगळा पुरावा तो एवढाच होता.

गुरुवारी दुपारी घरी आले तर आई एकटीच होती. दादा घरचा माणूस म्हणून संघटनेने त्या पत्राची प्रत त्याला दिली होती, ती तिच्या हातात. सहा वर्षं माझा हात धरून गिरवून घेतलेलं अक्षर तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार? मी सवयीने वहीकडे वळले. आईने वही खिळ्यावरून काढली आणि फळीवर पालथी घातली. मग माझ्यासमोर उभी राहिली आणि हातांनी विचारलं, "पत्र तू लिहिलंस?"

हातांनी माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

वहीवर खोटं बोलणं सोपं असतं, मान खाली असते. हातांनी बोलायचं तर समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. मी म्हटलं, "हो." आणि मग माझा तोल सुटला. "तिच्यासाठी तू हात शिकलीस. दोन महिन्यांत शिकलीस. मी सत्तावीस वर्षं इथेच आहे. माझ्यासाठी का नाही?"

मी फार भराभर बोलले, तिला अर्धंच कळलं असेल. तिने वहीकडे हात नेला, मग परत घेतला. खुणा शोधत, थांबत थांबत म्हणाली, "तू वाचतेस. ती नाही. मला वाटलं, तुला पुरतं."

मला पुरत नव्हतं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, हेही खरं. सांगायला वहीच होती, आणि वहीवर असलं काही लिहवत नाही.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या तू जा. सांग."

"माझी जागा जाईल."

"हो," आई म्हणाली. तेवढंच.

शुक्रवारी सकाळी मी संघटनेच्या सेक्रेटरींसमोर दुसरा कागद ठेवला, या वेळी सहीसकट. त्यांनी तो दोनदा वाचला. तक्रार खोटी ठरली, त्यामुळे जुना कान-अहवाल चालणार होता. त्यांनी माझं नाव खोडलं, वहिनीचं घातलं, आणि मला एक वर्ष मैदानबंदी लिहून दिली. शिक्षा कमीच होती, पण तसं मला तेव्हा वाटलं नाही. मला राग आला होता, स्वतःचा सोडून सगळ्यांचा.

तिथून वहिनीच्या कामावर गेले. ती घोडीवर होती, छताकडे तोंड करून. घोडी हलवून बोलवायचं नसतं, म्हणून मी दिव्याचं बटण दोनदा वरखाली केलं. तिने खाली बघितलं. मी खालूनच सगळं सांगितलं, पत्र, सही, बंदी. ती उतरली, ब्रश डब्यात बुडवून ठेवला, हात पुसले.

"मला तीस मोजता येतात म्हणून?"

"हो."

ती परत वर चढली आणि उरलेलं छत पुरं केलं. त्यानंतर घरात ती मला जेवायला वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. आमच्यात न बघणं म्हणजे न बोलणं. मला वाटायचं, तिने भांडावं. ती भांडली नाही. फक्त एका शनिवारी सरावाला निघताना दारात थांबली, माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "डावीकडून टाकणारीचा खांदा कसा ओळखायचा, ते सांग. या वेळी पूर्ण सांग." मी सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. ती माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

मोठ्या स्पर्धेला बघायला आईला घेऊन मी गेले. आम्ही गॅलरीत सातव्या पायरीवर बसलो होतो. खाली गोलात वहिनी उभी, माझ्या जागेवर, आणि आमच्या संघाने तो सामना हरावा असं मला वाटत होतं. लपवून काय करायचं? पहिल्याच मिनिटाला डावीकडून चेंडू आला. तिने खांदा वाचला, मी सांगितला होता तसाच. अडवला, एका पायावर उतरली, चेंडू परत आला, तोही अडवला. सगळी मुलं पाय आपटत होती, माझ्या खालची फळी थरथरत होती. मी कधी दुसरा चेंडू अडवला नव्हता.

आईला हँडबॉलमधलं काही कळत नाही. तिने माझा हात धरून ओढला आणि विचारलं, "पडली का ती?" मी म्हटलं, नाही, मुद्दाम पाय टाकला. "आता का थांबले?" पंचाने झेंडा दाखवला म्हणून. "तिला लागलं का?" नाही. "ती दमली असेल ना?" ज्या खुणा तिला येत नव्हत्या त्या मी तिच्या बोटांत घालून दिल्या. सामनाभर हे चाललं. सत्तावीस वर्षांत आई माझ्याशी बोलली नव्हती तेवढं त्या तासाभरात बोलली, आणि त्यातला एक शब्दही माझ्याबद्दल नव्हता. मी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत राहिले, कारण मी थांबले असते तर तीही थांबली असती.